कामावरचा मान मागून मिळत नाही : नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

गुढीपाडवा जवळ आला की केळापूर तालुक्यातल्या गावागावांत एक प्रश्न हमखास निघतो. अमक्याचा सालदार यंदा राहतो की सोडतो? जुन्या चालीप्रमाणे पाडव्याला सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. एखाद्या कास्तकाराकडे एकच गडी पंधरा-वीस वर्षे टिकलेला दिसतो. शेजारच्या वावरात मात्र दरसाल नवा माणूस. साल दोघांचंही जवळपास सारखंच, जमीन एकाच बांधाची, बैलही सारखेच. मग फरक पडतो कुठे?

हाच प्रश्न पांढरकवड्याच्या जिनिंगमधल्या मुकादमाला लागू आहे, रोजगार हमीच्या कामावरच्या मेटाला आहे, सेवा सोसायटीच्या सचिवाला आहे आणि महिला बचत गटाच्या अध्यक्षबाईलाही आहे. हुद्दा मिळाला की माणसं समोर मान डोलावतात, पण पाठ वळली की काम थांबतं. असं का होतं, आणि ज्याच्या पाठीमागेही काम चालू राहतं तो माणूस वेगळं काय करतो, हे समजून घ्यायचं असेल तर शेतीशीच नातं असलेल्या एका माणसाचं आयुष्य बघण्यासारखं आहे.

किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे विहिरीवरच्या पंपामुळे घरोघरी माहीत आहे. पण या नावाची सुरुवात पंपातून झाली नाही. ती झाली कडबा कापायच्या यंत्रातून आणि लोखंडी नांगरातून. ही यंत्रं बनवणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर जाऊन आता कितीतरी वर्षे लोटली. त्यांनी कारखाना कसा काढला हे पुष्कळांनी लिहिलं आहे. आज आपण बघणार आहोत ते निराळं. त्यांच्या हाताखाली माणसं टिकली कशी, आणि शेतकऱ्याने त्यांच्या लोखंडावर भरवसा ठेवला कसा.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचा अभ्यास असलेले. घरातल्या मुलाने शाळा शिकून नोकरीला लागावं, अशी त्या काळची रीत होती. या मुलाचं चित्त मात्र शाळेत रमेना. त्याला दोनच गोष्टींचं वेड, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. वडिलांच्या मनात नसतानाही १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्यांना आधार दिला.

दोन वर्षे झाली आणि एक अडचण पुढे आली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. डोळ्यांतला हा दोष जन्मजात असतो, त्याला औषध नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या माणसाला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर काय उरलं? दुसरा एखादा गावाकडे परतला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला तो वेगळाच. रंग लागत नाहीत असं कोणतं चित्र आहे? यंत्राचं चित्र. ते काळ्या रेघांचं असतं. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतलं आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवण्याची नोकरी धरली.

मास्तर झाले तरी शिकणं थांबलं नाही. फावल्या वेळात ते कारखान्यांत, यंत्रांजवळ काढत. कोणता पट्टा कुठल्या चाकावर चढतो, कातयंत्रावर लोखंड कसं सोलतात, हे त्यांनी स्वतःचे हात काळे करून शिकून घेतलं. अंगावर पांढरं धोतर असलेल्या शिक्षकाने असं तेलात हात घालणं त्या काळी प्रतिष्ठेचं समजलं जात नव्हतं. पण पुढच्या पन्नास वर्षांतल्या त्यांच्या मानाचा पाया इथे पडला. हाताखालच्या माणसाला जे काम सांगायचं, ते आपल्याला करता आलं पाहिजे. निदान ते चांगलं झालं की वाईट, हे तरी पारखता आलं पाहिजे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ज्याने स्वतः कधी तिफण धरली नाही, त्याने सालदाराला ओळ वाकडी गेली म्हणून बोलावं, हे सालदाराला पटत नाही. तो वरून हो म्हणतो आणि मनात हसतो.

डावललं गेल्याची जखम

संस्थेत बढतीची जागा निघाली. लक्ष्मणराव पात्र होते, कामही चोख होतं. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. कारण उघड होतं. कातडीच्या रंगापुढे हाताचं कसब हलकं ठरलं. १८९७ साली लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि मुंबई सोडून बेळगाव गाठलं.

पुढे आपल्या हाताखाली माणसं घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी कोणाची जात, कोणाचा वशिला, कोणाचं प्रमाणपत्र यापेक्षा त्याला काम काय येतं हे बघितलं. स्वतःवर जे बेतलं त्याची फेड माणसं दोन तऱ्हेने करतात. काहीजण सासूने छळलं म्हणून सुनेला छळतात. काहीजण ठरवतात की हे आपल्या घरात होऊ द्यायचं नाही. लक्ष्मणराव दुसऱ्या वाटेने गेले.

बेळगावात रामूअण्णांसोबत सायकलींचं दुकान आधीपासून होतं. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात १८८८ ची धरतात. त्या काळात सायकल म्हणजे नवलाची वस्तू. मुंबईहून सायकली यायच्या, बेळगावात विकायच्या आणि गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवायचंही काम हे भाऊच करायचे. वस्तू विकून मोकळं व्हायचं नाही, ती वापरता येईपर्यंत गिऱ्हाइकाबरोबर राहायचं, ही सवय त्यांना तेव्हापासून लागली. नांगर विकताना ती फार उपयोगी पडली.

लोखंड जमिनीला बाधतं म्हणे

बेळगावच्या लहानशा कारखान्यात कडबा कापण्याचं यंत्र तयार झालं. मग लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर काही बागायतदार वापरू लागले होते, पण ते महाग. शिवाय एखादा भाग तुटला की वाट बघत बसायची. तसाच नांगर इथे, इथल्या बैलाच्या ताकदीचा आणि इथल्या जमिनीला मानवेल असा बनवायचा, हे त्यांनी मनावर घेतलं.

नांगर तयार झाले. पण घेईना कोणी. शेतकऱ्यांमध्ये समज होता की लोखंडाने जमीन नासते, काळी आई विषारी होते. पहिले काही नांगर विकायला दोन वर्षे लागली, असं किर्लोस्करांच्या इतिहासात नोंदलं आहे. दोन वर्षे माल पडून, भांडवल अडकलेलं, कामगारांचा पगार तर दर महिन्याला द्यायचाच.

इथे शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं होतं. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्याकडे एक बैलजोडी आणि एक हंगाम असतो. तो हंगाम हुकला तर वर्षभर घरात काय शिजवायचं? शहरातून आलेल्या माणसाच्या बोलण्यावर तो वर्ष पणाला लावत नाही, आणि लावूही नये. आपल्या वऱ्हाडात तर वखराचीच शेती. काळ्या भारी जमिनीत नांगरटी दरवर्षी करायची चालच नव्हती. वर्षाआड, कधी चार-पाच वर्षांनी, हरळी-कुंदा माजला की मगच नांगर जुंपायचा. अशा माणसाला नवं अवजार घ्यायला लावायचं तर भाषण कामाचं नाही, वावर बघायला मिळालं पाहिजे.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. नांगराकडे पुन्हा बघितलं. फाळ लवकर झिजतो का? कुठे तुटतो? बैलाला ओढायला जड जातो का? लोखंडी नांगराची सगळी मदार फाळावर असते. बिडाचं लोखंड साच्यात ओतताना त्याची धार चटकन थंड केली तर ती फार कडक होते, पण कडक झालेलं बीड ठिसूळही होतं, दगडाला लागलं की तुटतं. कडकपणा किती आणि चिवटपणा किती, याचा मेळ ओतकामातल्या माणसाच्या हातात असतो. म्हणजे शेतकऱ्याचा विश्वास शेवटी भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या इमानावर टिकलेला होता. त्याने एक घाण रद्दी खपवली तर दूर कुठल्यातरी वावरात ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ तुटणार, आणि त्या गावात पुन्हा कोणी किर्लोस्करांचं नाव काढणार नाही.

आता विचार करा. असं काम कामगाराकडून धाक दाखवून करून घेता येईल का? मालक भट्टीपाशी चोवीस तास उभा राहू शकत नाही. कामगाराला स्वतःलाच वाटलं पाहिजे की हा फाळ माझा आहे. हे वाटायला लावणं हेच पुढाऱ्याचं खरं काम. जिनिंगमध्ये सरकी फुटलेली रुई वेगळी काढायची की गाठीत दडपून द्यायची, हे शेवटी तिथली बाईच ठरवते. मुकादमाला सगळं दिसत नाही.

हळूहळू नांगर चालले. एकाच्या वावरात कुंदा मुळासकट निघालेला शेजाऱ्याने बघितला की तोही विचारायला यायचा. पुढच्या काळात हेच नांगर हजारोंनी खपले.

निवडुंगाच्या माळावर

नांगर चालू लागले आणि दुसरंच संकट उभं राहिलं. बेळगावच्या नगरपालिकेला उपनगर वाढवायला जागा हवी होती. किर्लोस्करांचा कारखाना त्याच जागेत येत होता. जागा खाली करा म्हणून सांगण्यात आलं. बांधलेली भट्टी, बसवलेली यंत्रं उचलायची आणि जायचं कुठे?

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ, ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपयांचं कर्जही दिलं. राजेसाहेबांनी हे दिलं ते कागद बघून नव्हे, माणूस बघून. विश्वास हे भांडवल असतं आणि वेळेला ते बँकेपेक्षा लवकर धावून येतं, त्याचा हा पुरावा. आज ही जागा सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

जागा मिळाली ती कशी? उजाड माळ. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची बोंब. १९१० साली लक्ष्मणराव तिथे गेले, वय चाळीस. त्यांच्याबरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं आली.

या पंचवीस घरांचा विचार केला पाहिजे. बेळगाव हे मोठं गाव. बाजार, शाळा, दवाखाना, नातीगोती सगळं तिथे. ते सोडून निवडुंगाच्या माळावर लेकराबाळांसह जायचं, तेही ज्या धंद्याचा भरवसा नाही त्याच्या मागे. पगारासाठी माणूस इतकं करत नाही. बेळगावात दुसरी नोकरी मिळाली असती. हे लोक गेले, कारण आदल्या दहा-बारा वर्षांत मालक कसा वागतो हे त्यांनी बघितलं होतं. आणि मालक स्वतः, पत्नी राधाबाई आणि मुलंही त्याच माळावर राहायला येणार होती. मालक बेळगावच्या वाड्यात आणि कामगार निवडुंगात, असा प्रकार असता तर एकही घर हललं नसतं.

राधाबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. माळावर संसार मांडणं हे बायकांच्या अंगावर पडलेलं काम होतं. चूल, पाणी, आजारपण, बाळंतपण. मालकाची बायको त्याच हालात आहे हे दिसल्यावर दुसऱ्या बायांनाही धीर आला असणार. कामावरच्या मानाचा हिशेब करताना घरातल्या बाईच्या वाट्याचं काम आपण नेहमी विसरतो.

कागद नाही, हात बघितला

किर्लोस्करवाडीत जमलेली माणसं बघितली तर आजचा कुठला मोठा अधिकारी त्यांना नोकरीवर घेईल की नाही, शंकाच आहे. मंगेशराव रेगे आले ते कारकून-भांडारपाल म्हणून. पुढे व्यवस्थापन आणि हिशेबाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली. अनंतराव फळणीकर यांचं शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. यंत्रात मात्र त्यांचं डोकं असं चालायचं की ते कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. शंभुराव जांभेकर यंत्रांच्या कामात तरबेज. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी उचलला. पुतणे शंकरराव किर्लोस्कर लिहिण्यात आणि चित्रात पटाईत, त्यांना जाहिरातीचं काम दिलं. त्यातूनच १९२० साली किर्लोस्कर खबर निघालं, आणि ते पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचलं गेलं.

एका माणसाने सगळं आपल्याच मुठीत ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. आपल्याकडे पुढाऱ्याला भीती वाटते की दुसऱ्याच्या हाती काम दिलं तर तो मोठा होईल. गावच्या संस्थेत अध्यक्षच सही करणार, अध्यक्षच तोलाई बघणार, अध्यक्षच भाषण करणार. आणि अध्यक्ष आजारी पडला की संस्था आजारी. लक्ष्मणरावांनी माणसाला काय येतं ते हेरलं, काम दिलं आणि मध्ये मध्ये लुडबुड केली नाही. चूक झाली तर ती दुरुस्त करायला वाव ठेवला.

सगळ्यात मोठी परीक्षा निराळीच होती. रात्रीच्या पहाऱ्याला माणसं हवी होती. माळावरचा कारखाना, लोखंड, हत्यारं, पगाराची रक्कम. पहाऱ्याला कोणाला ठेवायचं? लक्ष्मणरावांनी गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना ठेवलं. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही नावं किर्लोस्करवाडीच्या इतिहासात आहेत. मुलुखात दरोडेखोर म्हणून ओळखली गेलेली ही माणसं वसाहतीचे भरवशाचे राखणदार झाली.

हे वाचायला गोड वाटतं, पण त्या दिवशी तो निर्णय घेणं किती कठीण होतं ते बघा. इंग्रजांच्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या विदर्भातल्या पारधी बांधवांना त्या शिक्क्याचे चटके अजूनही सोसावे लागतात. गावात चोरी झाली की पहिलं बोट त्यांच्या बेड्याकडे. ज्याच्यावर उभा गाव संशय घेतो, त्याच्या हाती कोणीतरी किल्ल्या दिल्या तर तो माणूस काय करील? दगा देईल, किंवा जीव गेला तरी त्या किल्ल्या सोडणार नाही. लक्ष्मणरावांनी दुसऱ्यावर भरवसा ठेवला. त्यात धोका होता, आणि तो धोका त्यांनी स्वतःच्या मालावर घेतला, दुसऱ्याच्या नव्हे. विश्वास मिळवायचा असेल तर आधी कोणीतरी तो द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी मालक म्हणतो आधी तू दे, आणि गडी म्हणतो आधी तुम्ही द्या. ती गाठ सोडवायची जबाबदारी ज्याच्या हाती जास्त आहे त्याची असते.

वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असाही त्यांनी नियम केला. तो काळ लक्षात घ्या. विहिरी वेगळ्या, पंगती वेगळ्या. कारखान्यात एकाच ओळीत काम करणारी माणसं पाण्यापाशी वेगळी झाली, तर कामावरची एकी फार दिवस टिकत नाही. त्यांनी हे माणुसकी म्हणूनही केलं आणि कामाची गरज म्हणूनही. तेव्हाच्या लोकांना ते पचणं सोपं नव्हतं.

वाईट दिवसांत कोण कुठे उभा होता

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी माल यायचा थांबला. इंग्रजी नांगर येईनात म्हणून बाजार मोकळा झाला, पण त्याच वेळी लोखंड आणि कोळशाचीही चणचण पडली. मिळेल ते लोखंड आणि मिळेल तो कोळसा वापरून भट्टी चालू ठेवावी लागली. कामगारांच्या हातचं कसब अशा वेळी कामाला आलं. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, मग पाण्याचे पंप आले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून १९२६ च्या सुमारास परतले आणि कामाला लागले. १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. आपल्या भागात विहिरीवर इंजिन आलं, ते याच वंशावळीतलं.

मग १९४८ साल उजाडलं. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जाळपोळीची लाट उसळली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. मोठं नुकसान झालं. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षे उभं केलेलं डोळ्यांपुढे जळालेलं. या वयात माणूस कडवट होतो, मुलुखालाच शिव्या देतो आणि दार लावून घेतो. किर्लोस्करवाडी मात्र सोडून कोणी गेलं नाही. कारखाना तिथेच पुन्हा उभा राहिला, आणि आजही तो तिथे आहे.

एक गोष्ट इथे मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लक्ष्मणरावांचा काळ मालक-बापाचा काळ होता. घर मालकाचं, शाळा मालकाची, नियम मालकाचे. चांगला मालक मिळाला तर भलं, वाईट मिळाला तर दाद कुठे मागायची? म्हणून तर पुढे किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला, कामगारांच्या संघटना वाढल्या. मालकाच्या चांगुलपणावर सगळं सोडता येत नाही. मान आणि हक्क या दोन्ही गोष्टी हव्यात. गोड बोलून मजुरी थकवणाऱ्याला लक्ष्मणरावांचं नाव घेण्याचा अधिकार नाही.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. वय सत्त्याऐंशी. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आपल्या तालुक्यासाठी

आता परत आपल्या मातीत या. केळापूरची जमीन काळी, पैनगंगा आणि खुनी नदीच्या खोऱ्यातली, पण शेती पावसाच्या भरवशाची. पराटीचा भाव कधी चढतो, कधी पडतो. मजूर मिळत नाही ही कास्तकाराची तक्रार, आणि मजुरी पुरत नाही ही मजुराची. दोन्ही खऱ्या. अशा वेळी जो कोणी चार माणसांना कामावर घेतो, मग तो दहा एकरवाला असो की बचत गटाची अध्यक्ष, त्याने या जुन्या आयुष्यातून चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली, काम स्वतःला आलं पाहिजे. वेचणी कशी करतात, झाडावर कवडी कशी राहते, हे माहीत नसलेल्या माणसाने वेचणाऱ्या बाईला टोचून बोलू नये. दुसरी, हिशेब उघडा ठेवा. मेटाने हजेरीपट मजुरांपुढे वाचून दाखवावा. काट्यावर वजन करताना वेचणाऱ्या बाईला आकडा दिसला पाहिजे. अर्ध्या किलोसाठी गेलेला विश्वास क्विंटलभर देऊनही परत येत नाही. तिसरी, उन्हात माणसं असतील तर आपण सावलीत बसून हुकूम सोडू नका. सगळाच वेळ उभं राहणं जमणार नाही, पण त्यांचं पाणी कुठे आहे, लहान लेकरू कुठे झोपवलंय, हे तरी ठाऊक असावं. आणि चौथी, ज्याच्यावर गाव भरवसा ठेवत नाही अशा एखाद्याला तरी जबाबदारीचं काम देऊन बघा. कोलामाचा, पारध्याचा, शाळा सुटलेला, एकदा चुकलेला पोरगा. कदाचित फसगत होईल. कदाचित तुमच्या जिनिंगला, तुमच्या सोसायटीला आयुष्यभराचा राखणदार मिळेल.

लोखंडी नांगर दोन वर्षे पडून राहिला तेव्हा लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला नावं ठेवली नाहीत, नांगर सुधारला. येत्या पाडव्याला सालदार सोडून जातो म्हणाला, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा आपल्या नांगराकडेही बघायला हरकत नाही.